मास्तरीणबाईंची भुतं

आमच्या घरात 'आजोबांची भुतं' या नावानं एक गोड पदार्थ ओळखला जातो. मुलगी तेच म्हणते, जावई तेच म्हणतात, आणि पुण्याला नोकरी करणारी नात मैत्रिणींना तेच नाव सांगते. बिस्किटांचा चुरा, खोबऱ्याचा कीस, दूध पावडर, पिठीसाखर, थोडं तूप. चूल नको, गॅस नको. हातानं वळायचं, दूध पावडरीत घोळवून पांढरं करायचं, काळ्या तिळाचे डोळे लावायचे, झालं भूत.

ही भुतं माझी नाहीत. माझ्या बायकोची आहेत. पण एवढंच म्हणून थांबलो तर लोक म्हणतील, बघा गुरुजींचा मोठेपणा, बायकोला मान देतात. म्हणून ती माझी कशी झाली तेही सांगायला हवं.

तेव्हा मी घाटंजीपासून आत, चहूबाजूंनी पऱ्हाटी, म्हणजे कपाशी असलेल्या एका गावात शिक्षक होतो. मुलीचं नुकतंच लग्न होऊन ती अमरावतीला गेली होती. घरात आम्ही दोघंच. ती कापसाची वाईट वर्षं होती. बोंडअळी कुठल्याच फवाऱ्याला दाद देत नव्हती, आणि जो कापूस हाती लागे त्याला भाव नव्हता. मी पगारी माणूस. माझ्या घरी डब्यातली डाळ संपली तर दुकानातून येत होती, त्यामुळे त्या वर्षांच्या दुःखावर मी फार बोलू नये. फक्त एवढं सांगतो, की गावात बोलणं कमी झालं होतं. पारावर माणसं बसलेली दिसत, आवाज ऐकू येत नसे.

आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो. लेकरं चाकांचे लाकडी बैल सजवून आणतात, तोरणाखाली रांगेत उभे करतात, झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी म्हणतात आणि मग घरोघर बैल फिरवून बोजारा मागतात, म्हणजे खाऊ किंवा चिल्लर. आमच्या गावात हा कार्यक्रम माझा होता. तोरण मी बांधायचो, बैलांना नंबर मी द्यायचो, भाषण मी करायचो. वर्गणीतून घाटंजीच्या हलवायाकडून बुंदी यायची, ती वाटण्याचा मानही माझाच. लेकरं रांगेत यायची, हात पुढे करायची, "नमस्ते गुरुजी" म्हणायची आणि निघून जायची. मला ते फार आवडायचं. त्या नमस्त्यात भीती किती आणि माया किती, हा हिशेब मी कधी केला नव्हता.

त्या वर्षी वर्गणी मागायची माझी छाती झाली नाही. कितीतरी घरांनी बैलच विकले होते. मोठ्या पोळ्याचं तोरण बांधायचं की नाही, यावरच खल चालला होता. मी घरी येऊन म्हटलं, "यंदा बुंदी नाही. फुटाणे वाटू."

बायको म्हणाली, "फुटाण्याले लेकरं येतीन का? मी करते काहीतरी."

"गॅस संपला आहे. चूल ओली आहे. काय करशील?"

"चुलीबिगर होते असंच करते. तुम्ही तं आपलं भाषण लिवा."

आता पोळ्याच्या अमावस्येबद्दल थोडं सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. आमच्या भागात ही अमावस्या वाईट समजतात. त्या दिवशी लेकरांच्या कानामागे काजळ लावतात, दिवेलागणीनंतर त्यांना बाहेर सोडत नाहीत, दारात पळसाच्या डहाळ्या खोचतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच डहाळ्या उपटून गावाबाहेर फेकतात, "घेऊन जा गे मारबत" असं ओरडत. रोगराई, ईडापिडा, जे जे नको ते सगळं त्या डहाळ्यांच्या मारबतीबरोबर गावाबाहेर पाठवायचं. आधीच्या कित्येक दिवसांपासून लेकरं एकमेकांना चिंचेवरचा मुंज्या, विहिरीवरची हडळ आणि माणसाला रस्ता चुकवणारा चकवा यांच्या गोष्टी सांगून घाबरवत असत. त्या वर्षी तर मोठी माणसंही घाबरलेली होती, फक्त त्यांच्या भुतांना नावं नव्हती.

पोळ्याच्या दिवशी दुपारी मी शाळेतून घरी आलो तर ओसरीवर गलका. गल्लीतली सगळी पोट्टी गोल करून बसलेली. मध्ये परात. बायकोनं साडीचा पदर कमरेला खोचलेला, कोपरापर्यंत पांढरी. कोणी बिस्किटं वरवंट्यानं कुटत होतं, कोणी खोबरं किसत होतं, आणि ती एकेकाच्या हातावर गोळा ठेवत होती.

"हे पाहा, मुंज्याले शेंडी पाह्यजे. लवंग खोच डोक्यात. हां. आता हडळ कोण करते?"

"मी, मी, मास्तरीनबाई!"

"हडळीचे केस मोकळे असतात बापा. खोबऱ्याचा लांब कीस घे. अन् चकव्याले?"

कोणालाच माहीत नव्हतं.

"चकव्याले पुढून बी तोंड, मागून बी तोंड. तो जाऊन राह्यला का येऊन राह्यला, कळतच नाही. म्हणून तं माणूस चुकते." तिनं दोन्ही बाजूंना तिळाचे डोळे दाबले आणि तो गोळा एका लहान पोरीच्या नाकासमोर धरला. "आता याचं कोणतं तोंड पह्यले खायचं?"

पोरीनं भूत धरलं, इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं, आणि सगळंच्या सगळं तोंडात कोंबलं. ओसरी हसली. बायकोही हसली. डोकं मागं टाकून, तोंड उघडं ठेवून. मुलीच्या लग्नानंतर मी तिचं ते हसू ऐकलं नव्हतं. खरं तर लग्नाआधीही कधी ऐकलं होतं ते मला आठवेना.

मी चपला काढल्या. त्या आवाजानं एका पोट्ट्यानं मान वळवली आणि म्हणाला, "गुरुजी आले."

सगळे गप्प झाले. हातातले गोळे हातात राहिले. कोणीतरी "नमस्ते गुरुजी" म्हटलं.

बायको म्हणाली, "अवो, आत जाऊन बसा ना घडीभर. लेकरं भेऊन राह्यली."

मी आत जाऊन बसलो. भिंतीपलीकडून पुन्हा आवाज सुरू झाला, आधी कुजबुज, मग हसणं. माझ्यासमोर भाषणाचा कागद होता. त्यावर मी 'प्रिय विद्यार्थी मित्रांनो' एवढं लिहिलं आणि पेन खाली ठेवलं. शाळेत इतकी वर्षं काढून मी त्या पोरांना एकदाही 'मित्र' वाटलो नव्हतो, आणि तिनं एका दुपारी, परातीत हात घालून ते मिळवलं होतं. मला राग आला असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. तो राग नव्हता. आईनं धाकट्याला कडेवर घेतलेलं मोठा भाऊ बघतो तेव्हा त्याला जे वाटतं, ते होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पळसाच्या डहाळ्या फेकून झाल्या आणि दुपारी तान्हा पोळा भरला. ताटांमध्ये रांगेनं भुतं मांडली होती, वर ओलं फडकं. मी भाषण सुरू केलं. शेतकऱ्याच्या जीवनातील बैलाचे महत्त्व. समोर पोरांच्या पाठी दिसत होत्या. सगळे ताटांकडे तोंड करून उभे, आपण केलेलं भूत कोणतं ते शोधत. मी आवाज चढवला. कोणी वळलं नाही. शेवटी पोलीस पाटील मागून म्हणाले, "गुरुजी, आटपा आता, भुताले भूक लागली."

त्या दिवशी मोठी माणसंही थांबली. एरवी ती बुंदी वाटायला लागली की निघून जात. एक शेतकरी होता, ज्याच्या पऱ्हाटीत बोंडं धरायच्या आतच अळी शिरली होती. तो कित्येक दिवस कोणाशी बोलला नव्हता. त्यानं एक चकवा उचलला, दोन्हीकडून पाहिला आणि म्हणाला, "मास्तरीनबाई, आमच्या वावरातलं भूत बी असं खाता आलं असतं तं!"

"खाऊन टाका ना मग," बायको म्हणाली. "हे घ्या, दुसरं बी खा. वावरातलं राहिलं असन तं ते बी येईन निघून."

लोक हसले. तोही हसला. त्याची बायको तोंडाला पदर लावून बघत राहिली. मी बाजूला तोरणाच्या खांबाला टेकून उभा होतो आणि मला त्या माणसाच्या हसण्याचा आनंद झाला नाही. हे लिहायला जड जातं. त्या वर्षी गावात एक माणूस हसला याचा आनंद व्हायला पाहिजे होता. मला वाटलं, हे मी का नाही करू शकलो. आणि लगेच वाटलं, यात करायचं काय आहे? बिस्किटं कुटायची आणि गोळे वळायचे. हे तर कोणीही करेल.

"सोपं आहे तसं," मी शेजारच्या माणसाला म्हणालो. "मीच म्हटलं होतं तिला, की चुलीशिवाय होईल असं काहीतरी कर."

भुतं माझी करणारं हे पहिलं वाक्य. अर्धं खरं होतं. तो मान हलवून म्हणाला, "तरीच! डोकं गुरुजीचं असन." मी नाही म्हटलं नाही.

काही दिवसांनी शाळेत एक बाई आल्या. अंगणवाड्यांवर देखरेख करणाऱ्या, यवतमाळहून फिरतीवर येत. गावच्या अंगणवाडीत त्यांना कोणीतरी उरलेलं भूत खायला दिलं होतं आणि ती ओसरीवरची दुपार वर्णन करून सांगितली होती.

"गुरुजी, तुमच्या मिसेसना भेटायचं आहे," त्या म्हणाल्या.

बायको त्या दिवशी घाटंजीच्या बाजाराला गेली होती. मी तसं सांगितलं.

"मग तुम्हीच निरोप द्या. यवतमाळला आम्ही सेविकांचं शिबिर घेतोय. लहान मुलांकडून चुलीशिवाय काय काय करून घेता येईल, ते दाखवणारं कोणी हवंय. आणि नुसतं करणं नाही हो, त्या मुलांशी बोलल्या कशा, ते मला दाखवायचंय. भूत खाऊन मुलांची भीती जाते, हे मी कुठे ऐकलं नव्हतं. जमलं तर दर महिन्याला बोलावू. मानधन थोडंच आहे, पण जाण्यायेण्याचं आम्ही बघू."

मी खुर्चीत होतो. वर्गातली मुलं पाटीवर काहीतरी लिहीत होती. मला आठवतं, माझ्या मनात काही ठरलं नव्हतं. तोंड आपोआप उघडलं.

"तिला जमायचं नाही, मॅडम. चारचौघांत बोलायची सवय नाही तिला. तसं कल्पना माझीच होती. मी येतो."

मॅडम म्हणाल्या, "तुम्ही? बरं. पण त्यांना विचारा तरी."

"विचारतो."

घरी आल्यावर बायकोनं पिशवीतून वांगी काढत विचारलं, "कोण आलतं शाळेत? लेकरं सांगून राह्यली, गाडी आलती म्हणून."

"यवतमाळच्या अंगणवाडीच्या मॅडम. मला शिबिराला बोलावलंय. ते भुतांचं दाखवायला."

तिनं वांगं हातात धरून माझ्याकडे पाहिलं. "तुम्हाले?"

"मला म्हणजे, शिक्षक म्हणून. शिकवायची पद्धत दाखवायची आहे."

"हां, तेही खरंच." ती वांगी टोपल्यात टाकू लागली. मग हसत म्हणाली, "पण तुम्हाले गोळा वळता येते का? आयुष्यात कधी लाडू नाही वळला तुम्ही."

"दाखव मग."

तिनं दाखवलं. मला वाटतं त्या दोन संध्याकाळी आम्ही जितकं बोललो तितकं वर्षभरात बोललो नसू. माझे गोळे फुटायचे. ती म्हणायची, "अवो, दूध वतू नका, बोटं बुडवा नुसती. हे काय घराचं प्लास्टर आहे?" मी केलेल्या मुंज्याची शेंडी कपाळावर आली तेव्हा ती म्हणाली, "हा तं तुमच्यासारखाच दिसते, टक्कल पडत चाललेला." मी हसलो. मला त्या संध्याकाळी ती आवडत होती, आणि त्याच वेळी मी तिच्यापासून काहीतरी काढून घेत होतो, आणि तीच मला ते कागदात बांधून देत होती.

जायच्या आदल्या दिवशी ती म्हणाली, "मी येऊ का संगं? मागं बसून राहीन. यवतमाळ पाह्यलं नाही मी कित्येक दिवसात. तुम्ही बोला, मी नुसती भुतं वळून देते."

मी म्हणालो, "तिथं सगळ्या शिकलेल्या बायका. तू काय करशील बसून?"

"तेही खरंच," ती म्हणाली. तिनं काळे तीळ पुडीत बांधले, लवंगा वेगळ्या पुडीत, आणि सगळं माझ्या पिशवीत ठेवलं. वरून एक ओलं फडकं, घडी करून.

शिबिर चांगलं झालं. हे मला लपवता येत नाही. मी फजित झालो असतो तर गोष्ट तिथंच संपली असती आणि माझं ओझंही कमी झालं असतं. पण ती भुतं खरोखरच इतकी सोपी होती, की माझ्यासारख्यालाही जमली. मी तिचंच बोलणं बोललो. "चकव्याला पुढून तोंड, मागून तोंड." सेविका हसल्या. "आता कोणतं तोंड आधी खायचं?" त्या आणखी हसल्या. एका बाईनं तर सगळं भूत तोंडात कोंबलं, अगदी त्या पोरीसारखं. टाळ्या पडल्या. शेवटी मला शाल आणि नारळ दिला, आणि कोणीतरी गमतीनं म्हणालं, "हे आमचे भुतांचे गुरुजी." ते नाव मला चिकटलं.

दाराशी मॅडम भेटल्या. म्हणाल्या, "छान झालं. पण गुरुजी, तुम्ही ज्या ज्या ठिकाणी हसवलंत ना, तिथं मला वाटत होतं हे वाक्य त्यांचं असणार. बाईंना विचारलंत का?"

"विचारलं," मी म्हणालो. "ती नाही म्हणते."

पहिलं वाक्य अर्धं खरं होतं. शाळेतलं दुसरं मत्सरातून आपोआप बाहेर पडलं होतं. हे तिसरं मी नीट विचार करून, मॅडमच्या डोळ्यांत बघून बोललो. कारण टाळ्यांनंतर मला कळून चुकलं होतं, की ती इथं आली तर पुढच्या महिन्यात मला कोणी बोलावणार नाही. झालंही तसंच. मला पुढच्या महिन्यात कोणी बोलावलं नाहीच. त्यांना हवी होती ती बाई, आणि ती नाही म्हणते असं त्यांना कळवण्यात आलं होतं.

शाल बघून बायकोनं तिच्यावरून हात फिरवला. "चांगली आहे. हसल्या का बायका?"

"हसल्या."

"चकव्याले हसल्या असतीन."

"हो."

ती खुश झाली. तिच्या त्या खुशीचा मला हेवा वाटला, कारण माझ्याजवळ शाल होती आणि तशी खुशी नव्हती.

गावात 'भुतांचे गुरुजी' पोहोचायला वेळ लागला नाही. पुढच्या वर्षी तान्ह्या पोळ्याला लोक म्हणाले, "गुरुजी, यंदा भुतं करता ना?" मी बायकोकडे बघितलं. ती म्हणाली, "आता तुमचे आहेत ते. तुम्ही करा. मी बिस्किटं कुटून देते." टोमणा नव्हता, निदान मला तसा ऐकू आला नाही. मी पोरांना ओसरीवर रांगेत बसवलं. प्रत्येकाला सारखा गोळा दिला, सारखे डोळे. मुंज्या, हडळ, चकवा असलं काही केलं नाही, वेळ जातो. पोरांनी मुकाट्यानं वळले, मुकाट्यानं खाल्ले आणि "नमस्ते गुरुजी" म्हणून गेले. ती आत स्वयंपाकघरात होती. एक-दोन पोरी आत डोकावून आल्या. मी त्यांना परत बोलावून रांगेत बसवलं.

त्यानंतर तिनं ती भुतं पुन्हा केली नाहीत. मी दरवर्षी करत राहिलो, निवृत्त होऊन यवतमाळला घर केलं तेव्हाही, मुलीकडे गेलो तेव्हाही. नात माझ्या हातचीच खाऊन वाढली. घरातली प्रत्येक वस्तू कोणाची तरी असते, तशी ती माझी झाली.

मागच्या वर्षी नातीचा फोन आला. तिच्या ऑफिसात भुताखेतांची पार्टी असते म्हणे, परदेशासारखी, सगळे काळे कपडे घालून येतात, आणि प्रत्येकानं काहीतरी भयंकर दिसणारं गोड न्यायचं. तिच्या खोलीत ओव्हन नाही.

"आजोबा, तुमची भुतं सांगा ना! मी सगळ्यांना सांगून ठेवलंय, माझ्या आजोबांची स्पेशल रेसिपी आहे म्हणून. तुमचा फोटो पण लावणार आहे शेजारी."

फोन स्पीकरवर होता. बायको समोर तांदूळ निवडत बसली होती. तिनं मान वर केली नाही. खडा काढून बाजूला टाकला, एवढंच.

"उद्या सांगतो बेटा," मी म्हणालो आणि फोन ठेवला.

माझा फोटो. त्या भुतांशेजारी. मी म्हणालो, "तुला एक सांगायचं आहे."

"सांगा."

मी सांगितलं. मॅडम मला बोलवायला आल्या नव्हत्या, तुला बोलवायला आल्या होत्या. दर महिन्याला बोलावणार होत्या. मी तुला न विचारताच सांगितलं, की ती नाही म्हणते.

तिचे हात तांदळात थांबले. मला वाटलं रडेल, किंवा ताट फेकेल. मी दोन्हींची तयारी केली होती. तिनं विचारलं, "दर महिन्याले?"

"हो."

"यवतमाळले?"

"हो."

"बसनं जा लागलं असतं."

"बसनंच. भाडं ते देणार होते."

ती खिडकीकडे बघत राहिली. यवतमाळच्या घराची ती खिडकी, बाहेर शेजाऱ्याची मोटारसायकल. "एकटी गेली असती मी," ती म्हणाली. "सकाळच्या गाडीनं. खिडकीपाशी बसून."

मी म्हणालो, "माझं चुकलं."

"चुकलं नाही. चुकते म्हणजे मीठ जास्त पडते." तिनं ताट उचललं. "तुम्ही केलं."

त्या दिवशी तिनं मला जेवायला वाढलं, पण माझ्याजवळ बसली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. ओसरीवरचा, म्हणजे आता इथल्या गॅलरीतला, चहा तिनं एकटीनं घेतला. आमच्या वयात अबोला फार जड असतो. औषधाची गोळी मागायची तरी बोलावं लागतं. ती गोळी न बोलता माझ्यासमोर ठेवून जाई.

मग एका दुपारी मी आत पडलो होतो, तेव्हा गॅलरीतून तिचा आवाज आला. तिनं स्वतः नातीला फोन लावला होता. ती कधी स्वतः फोन लावत नाही. आकडे दिसत नाहीत म्हणते.

"लिवून घेतलं का? नाही, आजोबाची नाही ते. माही आहेत. त्यांनी शिकली माह्यापासून. काय? नाही, भांडण नाही. तू लिव. पह्यलं काम, आजोबाले स्वयंपाकघराबाहेर काढायचं."

फोनमधून नातीचं हसणं ऐकू आलं.

"हास नको, लिव. दूध वतायचं नाही, बोटं बुडवायची. तीन जातीची भुतं करायची, एका जातीची करशीन तं ते फौजेसारखी दिसतात, खाणाराले मजा नाही येत. मुंज्याले लवंग. हडळीले केस. हां, अन् तुह्या ऑफिसातल्या साहेबाले चकवा दे. त्याले विचार, कोणतं तोंड पह्यले खातो म्हणून. त्याच्यावरून कळते माणूस."

मग ती हसली. ओसरीवरचं, डोकं मागं टाकलेलं हसू. इतक्या वर्षांनी. दात आता थोडे आहेत, पण हसू तेच. नात काहीतरी बोलत होती, ती मध्येच "अवं थांब, ऐक तं" म्हणत पुन्हा हसत होती. फोनच्या त्या टोकाला असलेली पोर, जी माझ्या मांडीवर वाढली, आता तिची झाली होती, एका दुपारी.

मी हे सगळं खरं सांगायचं ठरवलं आहे म्हणून हेही लिहितो. भिंतीपलीकडे अंथरुणावर पडून मला बरं वाटायला पाहिजे होतं. थोडं वाटलंही. पण पुन्हा त्या मोठ्या भावासारखंच झालं. उठून गॅलरीत जावं, फोन घ्यावा आणि नातीला म्हणावं, बोटं बुडवायची ही गोष्ट मला पण माहीत आहे, असं वाटलं. मी पायात चपला घातल्या. मग काढल्या. त्यांचा आवाज होतो, आणि ती थांबली असती.